झाकण

महापेचा चढ, जिथे डोंगर कापून रस्ता
शिळफाट्याकडे वळतो,
तिथे ती आधी जड होते.
पाय तळापर्यंत दाबलेला, तरी काटा उतरत जातो,
पन्नास, पस्तीस, वीस,
दोन आचके, आणि मग आवाजच जातो.
मागे कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून.

मी उतरतो, बॉनेट उघडतो.
का, ते माहीत नाही. बंद पडली की उघडायचं असतं.
वीस मिनिटांनी चावी फिरवावी
तर पहिल्या झटक्यात चालू,
जणू मीच उगाच तक्रार करत होतो.

सत्त्याण्णवची मारुती.
नलिनी म्हणते, आता हिला आणि तुम्हाला
एकदमच काढू.

चैत्रभर हेच.
प्लग बदलले. जुने तिन्ही विटकरी, ठणठणीत निघाले;
त्यांचा दोष नव्हता, हे पैसे दिल्यावर कळलं.
रबाळ्याचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, कॉइल.
तापली की मरते.
नवी कॉइल तापली, मेली नाही. गाडी मेली.
मग कार्बोरेटर, जेट, फिल्टर, पंपाचा पडदा.
प्रत्येकाला काहीतरी सापडलं
आणि प्रत्येकानं ते बदललं.

मी जुन्या शिफ्टच्या डायरीत लिहीत गेलो:
तारीख, ऊन, किलोमीटर, कितव्या मिनिटाला बंद,
टाकीत पेट्रोल किती.
टाकी भरलेली असली की लवकर.
अर्धी असली की उशिरा.
लिहिलं होतं मीच, माझ्याच अक्षरात.

घणसोलीच्या मढवीनं ती डायरी
चहावर साय धरेपर्यंत वाचली.
मग म्हणाला, "टाकी फुल करा, काका.
मी बाजूला बसतो."

चढावर ती मेली, नेहमीच्या जागी.
मी बॉनेटकडे निघालो, तो मागे गेला.
"झाकणाची चावी द्या."
फिरवली,

आणि हुश्श,
लांबलचक, आत ओढलेला,
पाण्याखालून वर आलेल्या माणसाचा श्वास.
"आता मारा."
लागली.

"हे झाकण कधी बसवलंत?"
शिमग्याच्या सुमारास.
सोसायटीत तीन गाड्यांचं पेट्रोल गेलं होतं,
वाशीच्या दुकानदारानं दोनशे चाळीसला दिलं,
चोराचा बाप आला तरी उघडणार नाही म्हणाला.
जुन्याला मोहरीएवढं भोक होतं. याला नाही.
"पेट्रोल बाहेर जातं तर त्या जागी
हवा नको आत यायला?"
मढवी समजावून सांगत होता, हातानं,
लहान मुलाला सांगावं तसं.

मी मान हलवली.

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या टँक फार्ममध्ये.
बारा टाक्या, प्रत्येकीच्या माथ्यावर व्हेंट,
शिफ्ट लागली की आधी शिडी चढून तेच बघायचं.
एकदा रंगाऱ्यांनी एका व्हेंटवर पिशवी बांधली,
रंग आत जाऊ नये म्हणून, चांगल्या बुद्धीनं.
पहाटे तीनला आम्ही पंप सुरू केला.
टाकी मधोमध चेपत गेली, सावकाश,
कुणी आतून गालफडं ओढून घ्यावीत तशी.
आवाज मोठा नव्हता.
चौकशीचा अहवाल मी लिहिला:
कारण, टाकीला श्वास घेता आला नाही.
साहेबांनी "श्वास" खोडून "वायुवीजन" केलं.

गॅरेजात मढवीनं सगळ्यात बारीक ड्रिल लावून
झाकणाला भोक पाडलं, उजेडाकडे धरून
एक डोळा मिटून त्यातून बघितलं.
"पन्नास द्या."
मग हात पुसता पुसता,
"काका, तुम्ही कुठे होता कामाला?"

"स्टोअरला," मी म्हणालो.

संध्याकाळी एकटाच महापेला गेलो.
तिसऱ्या गिअरमध्ये चढ संपला.
वर थांबायचं काही कारण नव्हतं,
तरी थांबलो, आणि चालू गाडीत
थोडा वेळ कान देऊन बसलो.